गिफ्ट सिटीत नोकरीला आलेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना गांधीनगरहून खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्ही मेट्रोत, लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर बिनधास्त मराठीत बोलता कारण तुम्हाला वाटतं की इथे कुणाला कळत नाही. कळतं हो. बडोद्याकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरं या शहरात अगदी सुरुवातीपासून आहेत आणि इथल्या गुजराती लोकांनाही तुमचं निम्मंअर्धं बोलणं समजतं, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. तर हल्ली जे कानावर पडतं ते साधारण असं असतं की हे काय शहर आहे का, ना धड बाजारपेठ, ना गर्दी, रात्री आठनंतर सगळं सामसूम, रस्त्यांना नावंसुद्धा नाहीत, शुक्रवारी वंदे भारत पकडायची आणि सुटायचं.

रागवायला बसले नाहीये मी. यातलं काही खरंच आहे, त्याबद्दल खाली लिहिते. पण तुम्ही जे बघून बोलताय ते गांधीनगर नाहीच, हे आधी सांगायचंय. तुम्ही गिफ्ट सिटीचे, म्हणजे त्या नव्या आर्थिक केंद्राचे, टॉवर बघितलेत, कुडासण-रायसण-सरगासणचे फ्लॅट बघितलेत, विमानतळाचा रस्ता बघितलात. हे सगळं मूळ शहराच्या दक्षिणेला, बाहेर, नंतर वाढलेलं आहे. खरं आखलेलं शहर तिथून पुढे सुरू होतं आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अजून तिथे पाऊल टाकलेलं नाही, टाकलं असेल तर पाहुण्यांना अक्षरधाम दाखवायला, तेही सोमवारी जाऊन बंद गेटवरून परत आलेत काहीजण.

थोडं मागे जाऊन सांगते. 1 मे ला तुम्ही महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेता, त्याच दिवशी इथे गुजरात स्थापना दिन असतो. 1960 मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले, मुंबई तुमच्याकडे राहिली, म्हणजे तयार विधानभवन, तयार सचिवालय, बंदर, सगळं. गुजरातला राजधानीच नव्हती. तात्पुरती अहमदाबाद केली आणि नव्या राज्याची विधानसभा भरायची कुठे तर अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या इमारतीत! पहिले मुख्यमंत्री होते डॉ. जीवराज मेहता, तेच ज्यांनी मुंबईच्या केईएमचे आणि जी. एस. मेडिकलचे पहिले डीन म्हणून काम केलं. आज इथलं जुनं सचिवालय त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आणि विधानसभेच्या इमारतीला नाव आहे विठ्ठलभाई पटेलांचं, गिरगावातला व्ही. पी. रोड ज्यांच्या नावाचा तेच. म्हणजे बघा, इथल्या दोन महत्त्वाच्या सरकारी इमारतींवर ज्यांची नावं आहेत त्या दोघांच्या आयुष्याचा मोठा भाग मुंबईत गेलाय, आणि तुम्ही म्हणता आपला काय संबंध.

नवीन राजधानी बांधायची ठरली ती साबरमतीच्या पश्चिम काठावर, अहमदाबादहून पंचवीसेक किलोमीटर वर. आता आखणार कोण? त्या काळात अमेरिकन वास्तुविशारद लुई कान अहमदाबादेत आयआयएमचं काम करत होते आणि चंदीगड आखायला जसे परदेशी वास्तुविशारद ल कॉर्बुझिए तसे इथे कान असावेत अशी अहमदाबादच्या बड्या गिरणीमालकांची इच्छा होती. पण गांधींच्या नावाचं, गांधींच्या राज्यातलं शहर आणि ते बाहेरच्या माणसाने आखायचं हे राजकारणात पचणारं नव्हतं. शेवटी काम गेलं एच. के. मेवाडा आणि प्रकाश आपटे या दोन देशी नगररचनाकारांकडे. दोघं चंदीगडच्या कामात शिकून तयार झालेले. हो, आपटे. तुम्ही ज्या शहराला शिव्या घालता त्याच्या नकाशावर एका आपट्यांचा हात आहे आणि ही गोष्ट पुण्यात एखाद्याला सांगितली की तो आधी विचारतो कुठले आपटे! असो.

2 ऑगस्ट 1965 ला कामाचा मुहूर्त झाला, म्हणून आजही 2 ऑगस्टला इथे शहराचा वाढदिवस करतात. मधेच पाकिस्तानशी युद्ध झालं, त्याच सप्टेंबरात मुख्यमंत्री बळवंतराय मेहता ज्या विमानात होते ते कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी विमानाने पाडलं आणि त्यात ते गेले. अशा दिवसांत हे शहर उभं राहत होतं. 1970 च्या सुमाराला सरकारी कचेऱ्या इकडे हलल्या, फायलींबरोबर माणसंही हलली, आणि विधानसभेला स्वतःची कायमची इमारत मिळायला 1982 उजाडलं.

आमचे बाबा त्या हललेल्या माणसांमधलेच. बडोद्याचं भरलेलं घर, मांडवी, न्यायमंदिर, सुरसागर सोडून सेक्टर 29 मधल्या छ टाइपच्या क्वार्टरमध्ये आले. क्वार्टरलासुद्धा अक्षरं होती, आणि शाळेत कुणी सांगितलं की आमचं च टाइप तर लगेच बाकीच्यांना कळायचं की याचे बाबा मोठ्या हुद्द्यावर आहेत. आई सांगायची की पहिली काही वर्षं संध्याकाळी दिवा लावला की चहूबाजूंना फक्त वारा आणि धूळ. आता ती क्वार्टर्स जर्जर झाली म्हणून पाडत चाललेत आणि त्या जागी सरकारी नोकरांसाठी उंच बिल्डिंगा येतायत, ते बरोबरच आहे, गळक्या छताखाली किती वर्षं राहायचं, पण अंगणातली ती कडुनिंबाची झाडं वाचवता आली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

आता तुमची सगळ्यात लाडकी तक्रार, रस्त्यांना नावं नाहीत. अहो नावं आहेत, आणि पहिलीतल्या पोराला कळतील अशी आहेत. नदीला समांतर जाणारे मोठे रस्ते म्हणजे क, ख, ग, घ, च, छ, ज. पश्चिमेकडून नदीच्या दिशेने याल तसं अक्षर पुढे सरकतं, ज रोड आला की समजायचं नदी जवळ आली, अक्षरधाम त्याच रोडवर आहे. त्यांना आडवे छेदणारे रस्ते आकड्यांचे, दक्षिणेकडून उत्तरेकडे आकडा वाढत जातो. म्हणजे कुणी म्हटलं घ-4 ला ये, तर घ रोड आणि 4 नंबर रोड जिथे एकमेकांना कापतात ते सर्कल. बास. पत्ता संपला. पुण्यात पेरूगेट कुठे विचारलं तर आधी इतिहास ऐकावा लागतो, इथे बाराखडी येत असली की झालं. आणि ही अक्षरं गुजरातीत लिहिलेली असली तरी तुम्हाला वाचता येतात, वरची रेघ काढून टाकलेली देवनागरीच आहे जवळजवळ.

दुसरी गोष्ट, मॅप उघडलात की हे शहर तिरकं दिसतं. नवीन माणसाला वाटतं मोबाइलच फिरलाय. तो तिरकेपणा मुद्दाम केलेला आहे. रस्ते सरळ पूर्व-पश्चिम न ठेवता साधारण 30 आणि 60 अंशांत वळवले, कारण सरकारी नोकर सकाळी ऑफिसला निघाला आणि संध्याकाळी परत फिरला की ऊन सरळ डोळ्यात जाऊ नये. त्या काळात बहुतेक माणसं सायकलवर असायची हे लक्षात घ्या. गुजरातचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल, मला तर ही कल्पना सगळ्या मोठमोठ्या इमारतींपेक्षा जास्त आवडते, कारण कुणीतरी कागदावर रेघ ओढताना एका कारकुनाच्या डोळ्यांचा विचार केला.

सेक्टर तीस. एकेक साधारण 1 किलोमीटर बाय पाऊण किलोमीटरचा. प्रत्येकाला आपली शाळा, आपली दुकानं, आपली बाग, आणि आतल्या आत चालायच्या, सायकलच्या वेगळ्या पायवाटा, म्हणजे पोरं मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचतील. आम्ही पोचायचो. कारखाने आणि थर्मल पॉवर स्टेशन उत्तरेच्या टोकाला. शहर धरलं होतं दीड लाख लोकांसाठी, त्यातले निम्मे सरकारी नोकर आणि त्यांची कुटुंबं. 2011 च्या जनगणनेतच आकडा दोन लाखांच्या वर गेला होता, आता तुम्ही सगळे आल्यावर काय असेल ते विचारूच नका.

एका रविवारी सकाळी, उन्हाळा असेल तर नऊच्या आत, एवढं करा. गांधीनगर कॅपिटल स्टेशनपासून सुरुवात करा. हे स्टेशन तुम्ही वंदे भारतला धावताना पाहता, थांबून बघत नाही. रुळांच्या वर पंचतारांकित हॉटेल उभं केलंय, 2021 च्या जुलैत त्याचं उद्घाटन झालं, मला ते शहराच्या मानाने जरा जास्तच उंच वाटतं, ज्या शहराची सवयच झाडांच्या उंचीएवढं राहायची तिथे एकदम ते मधे येतं. पण त्याने एक गोष्ट चांगली झाली, मूळ नकाशातली मधली रेषा आता लांबून कळते. स्टेशन, महात्मा मंदिर, सेंट्रल व्हिस्टा म्हणजे मधला मोकळा पट्टा आणि त्या टोकाला विधानसभा, सगळं एका सरळ रेषेत. महात्मा मंदिर 2011 च्या व्हायब्रंट गुजरात या गुंतवणूक परिषदेसाठी घाईघाईत उभं केलं, शेजारी मिठाच्या ढिगाच्या आकाराचं दांडी कुटीर आहे, 41 मीटर उंच, आत गांधीजींच्या आयुष्यावर प्रदर्शन आहे आणि ते खरंच चांगलं आहे, शाळेच्या सहली सोडून मोठ्यांनीही बघावं असं. तिथून व्हिस्टामधून विधानसभेकडे चालत जा, रमतगमत तासभर लागेल, वाटेत मोर दिसेल, दिसलाच नाही तर ऐकू तरी येईल. विधानसभेच्या पुढे सचिवालयाचे ब्लॉक आणि पलीकडे उतरत जाणारी नदीची कोतरं. ही कोतरं म्हणजे पावसाने खोल कापलेल्या मातीच्या घळी, झुडुपांनी भरलेल्या. 2018 च्या नोव्हेंबरात त्या बाजूने एक बिबट्या आला आणि सचिवालयाच्या बंद गेटखालून सरपटत आत गेला, सीसीटीव्हीत दिसतो तो, दिवसभर सरकार बाहेर आणि बिबट्या आत. आरेच्या बिबट्याचं कौतुक सांगणाऱ्या मुंबईकरांनी नोंद घ्यावी.

बाकी मग सेक्टर 17 ची लायब्ररी आणि टाउन हॉल, सेक्टर 21 चा भाजीबाजार आणि दुकानं, घ-5 ला खायच्या गाड्या, पथिकाश्रमाजवळचा एसटी डेपो (हो, इथेही एसटीच म्हणतात), सेक्टर 6 मधली सत्याग्रह छावणी जिथे राज्यभरातले शिक्षक, तलाठी, अंगणवाडीवाल्या ताया मागण्या घेऊन बसतात. आझाद मैदानाचं काम इथे ती छावणी करते. मुलं असतील तर इंद्रोड्याचं पार्क, डायनासोरची अंडी आणि हाडं खरी आहेत, बालासिनोरकडे सापडलेली. पेथापूरला कापडावर छपाई करायचे लाकडी ठसे कोरणारे कारागीर आहेत, हे गाव राजधानीच्या कितीतरी आधीचं. आणि अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, तर तुमच्या घराजवळच, 1499 ची, पाच मजले जमिनीखाली, तिथेही तुम्ही गेला नसाल तर मग बोलणंच खुंटलं.

आता तुमची बाजू. शहराचा मधला भाग, सेक्टर 11 वगैरे, जिथे मोठी बाजारपेठ, ऑफिसं, नाटक-सिनेमा सगळं यायचं होतं तो कितीतरी वर्षं रिकामा पडून होता. रामकथा मैदान आणि धूळ. कारण सरळ आहे, सरकारी पगाराची माणसं महिन्याच्या सुरुवातीला खरेदीला अहमदाबादला जायची आणि शनिवारी सकाळीच गावाकडची बस धरायची, मग इथे दुकान टाकणार कोण. आता तिथे इमारती आल्यात पण त्या गाडीतून उतरून आत जायच्या इमारती आहेत, एका दुकानातून दुसऱ्यात पायी फिरावं अशी रचना नाही. संध्याकाळी सामसूम ही तक्रार मला मान्य आहे. सेक्टरच्या आत जीव आहे आणि मध्यात नाही, हा या नकाशाचा कच्चा भाग आहे असं माझं मत, आणि चंदीगडच्या सेक्टर 17 मध्ये निदान लोक संध्याकाळी चक्कर मारायला तरी जातात, इथे तेवढंही जमलं नाही. शिवाय राजधानी म्हणवणाऱ्या या गावाला स्वतःचे नगरसेवक निवडायला 2011 उजाडलं, तोवर सगळा कारभार राज्य सरकारच्या खात्यांमार्फत, म्हणजे दिवा बंद पडला तरी अर्ज सचिवालयाच्या दारात.

पण मग मला सांगा, तुम्ही राहता त्या भागात काय आहे? कुडासण, सरगासण, रायसण. एकापेक्षा एक टॉवर, प्रत्येकाला गेट, गेटला गार्ड, आत जिम, स्विमिंग पूल, आणि गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की फुटपाथ एकतर नाही किंवा दहा पावलांवर संपतो. समोरच्या सोसायटीत मुलाचा मित्र राहतो तर त्याला गाडीने सोडावं लागतं. 1965 च्या नकाशात पोरांना शाळेत चालत जाता यावं म्हणून वेगळी वाट होती आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी बांधलेल्या भागात ती नाही. तुम्ही ज्याला डेड सिटी म्हणता तिथे माझी आई सत्तरी ओलांडल्यावरही भाजी आणायला एकटी चालत जाते, आणि तुमच्या त्या हॅपनिंग भागात माझी स्वतःची हिंमत होत नाही रस्ता ओलांडायची.

हा सगळा भाग 2020 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आलाय. पेथापूर आणि आजूबाजूची गावं तेव्हाच आत घेतली. म्हणजे आता तक्रार करायला दार आहे. पण तिथल्या सोसायट्यांमधून मागणी कसली येते तर रस्ता अजून रुंद करा, पार्किंग द्या, अंडरपास द्या. मूळ सेक्टरसारख्या आतल्या पायवाटा द्या असं कुणी म्हणतच नाही, कारण ज्यांनी त्या वापरल्यात ते आम्ही जुने सेक्टरवाले तिथे राहत नाही आणि जे राहतात त्यांनी त्या कधी पाहिलेल्या नाहीत. मेट्रो 2024 च्या सप्टेंबरात मोटेऱ्याहून सेक्टर 1 पर्यंत आणि एका फाट्याने गिफ्ट सिटीपर्यंत आली, नंतर सचिवालयापर्यंत गेली, त्यामुळे तुमचा निम्मा प्रवास सुटला, पण स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर तुम्ही अजूनही रिक्षाने किंवा कुणाच्या तरी गाडीने कापता. 2023 च्या डिसेंबरात गिफ्ट सिटीत दारूची सूट मिळाली तेव्हा तुमच्या ग्रुपवर जेवढी चर्चा झाली त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी फुटपाथबद्दल झाली असती तरी एव्हाना काहीतरी हललं असतं. टोमणा आहे, हो, घ्या पदरात.

तर माझं तुमच्याकडे काम आहे. आम्ही काही जुने सेक्टरवाले मिळून महापालिकेला एक निवेदन देतोय. मागण्या साध्या आहेत. कुडासण-सरगासण भागात दोन सोसायट्यांच्या कंपाउंडच्या मधे जी पडीक पट्टी राहते तिथून शाळा आणि मेट्रो स्टेशनपर्यंत चालायची वाट काढा, जिथे टाउन प्लॅनिंगचे नवीन प्लॉट पडतायत तिथे ती वाट नकाशातच धरा, आणि जुन्या सेक्टरमधल्या ज्या पायवाटांवर लोकांनी बागा आणि गाड्या चढवल्यात त्या मोकळ्या करा. शेवटच्या मागणीने आमच्याच शेजाऱ्यांशी भांडण होणार आहे, ते आम्ही बघून घेऊ.

तुमच्यात आकडे मांडणारे, प्रेझेंटेशन करणारे, कायद्याची भाषा येणारे लोक भरपूर आहेत आणि आमच्यात रिटायर्ड कारकून आणि शिक्षिका. नगररचना विभागातला माणूस आमचं बोलणं कसं ऐकतो आणि तुमचं कसं ऐकेल यातला फरक मला चांगला माहीत आहे, माझा अर्धा जन्म सचिवालयाच्या सावलीत गेलाय. दोन वर्षांत बदली होईल, आपल्याला काय करायचंय असं म्हणू नका, आमच्या बाबांनाही हेच वाटलं होतं. मतदार यादीत नाव इकडे फिरवून घेतलंत तर अजून चांगलं, नगरसेवक त्याशिवाय फोन उचलत नाहीत.

निवेदन गुजरातीत आहे, कुणाला वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन आणि मराठीत समजावूनही सांगीन. कागद दर रविवारी सकाळी सेक्टर 17 च्या लायब्ररीबाहेर आमच्याकडे असतो. गाडी थोडी लांब लावून चालत या.

तुमची,
सेक्टर 29 मध्ये वाढलेली एक बडोदेकर